रवांडाला स्पष्ट जाब विचारा

संपादक महोदय,

जानेवारी २०२५ मध्ये एम२३ या बंडखोर गटाने पूर्व काँगोतलं गोमा शहर घेतलं, पुढच्याच महिन्यात बुकावू शहर पण गेलं. या गटामागे शेजारच्या रवांडाचा हात असल्याचा आरोप आहे, आणि रवांडाचं आपलं एकच, आमचा काही संबंध नाही. अहो, युनोच्या तज्ज्ञांनीच २०२४ च्या रिपोर्टमध्ये ३ ते ४ हजार रवांडन सैनिक तिथे असल्याचं लिहिलंय, मग हे कोणाला पटणार?

रवांडाची भीती अगदीच खोटी नाही हे मान्य, रवांडात १९९४ चा नरसंहार करणाऱ्यांपैकी बरेच जण काँगोत पळाले, त्यातूनच पुढे एफडीएलआर ही रवांडाविरोधी सशस्त्र संघटना उभी राहिली आणि काँगोच्या लष्कराने त्यांची मदत घेतली तेही चूकच. पण मग पूर्व काँगोतली रुबायाची कोल्टनची (मोबाइलसारख्या इलेक्ट्रॉनिक वस्तूंत लागणाऱ्या खनिजाची) खाण एम२३ ला कशाला ताब्यात लागते? तिथे गरीब माणसं हाताने खणतात, पोती पाठीवर वाहतात आणि एम२३ त्यावर टॅक्स वसूल करते, याचा बॉर्डरच्या सुरक्षेशी काय संबंध?

युनोच्या सुरक्षा परिषदेने फेब्रुवारी २०२५ मध्येच रवांडाला सैन्य मागे घ्या म्हणून ठराव केला. त्याच वर्षी जूनमध्ये वॉशिंग्टनला काँगो आणि रवांडात शांतता करार झाला, पण त्यात एम२३ नव्हतीच! आपले जवान तिथे शांतिसेनेत आहेत, भारताने तरी रवांडाचं नाव घेऊन बोलावं.

- एक वाचक