फौंड्रीचं पुढे काय, ते आता लिहून ठेवूया

ती. आई-बाबा,
सा. नमस्कार.

एकाच घरात राहून पत्र लिहितेय, कारण हा विषय काढला की बाबा ‘बघूया की’ म्हणतात आणि बोलणं तिथंच थांबतं.

शिरोलीची आपली फौंड्री, म्हणजे ओतकामाचा कारखाना, ही बाबा आणि काका, दोघांचीच भागीदारी फर्म. एकाच्या पश्चात फर्म चालू राहील असं कलम करारपत्रात आहे, म्हणून आपण निर्धास्त आहोत. पण सीएंनी सांगितलं, 1932 च्या भागीदारी कायद्यात हे कलम तीन किंवा जास्त भागीदार असले तरच कामाला येतं. दोघांतला एक गेला की उरलेल्या एकट्याची फर्म होत नाही, ती विसर्जित होते. बँकेचं खातं, जीएसटी, एमआयडीसीच्या प्लॉटचा भाडेपट्टा, सगळं फर्मच्या नावावर आहे. भट्टी चालू आणि खातं बंद, अशी वेळ आली तर कामगारांचे पगार कुठून करायचे?

म्हणून प्रायव्हेट लिमिटेड करूया. माणूस गेला तरी कंपनी राहते, शेअर वारसांकडे जातात. कुणाला बाहेर पडायचं असेल तर शेअर घेता का, हे आधी घरातच विचारायचं आणि किंमत कशी काढायची, हे काकांच्या आणि आपल्या घराने आत्ताच लिहून ठेवावं. आज दोघा भावांत गोडी आहे. भाऊबंदकी बहुतेक वेळा पुढच्या पिढीत सुरू होते, आणि तेव्हा खरं काय ठरलं होतं ते सांगणारं कुणी उरलेलं नसतं.

बाबा, मृत्युपत्रही करा. सगळीकडे नॉमिनी लावलाय, पण नॉमिनी म्हणजे मालक नव्हे. शेअर आणि म्युच्युअल फंडांबाबतही सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर 2023 मध्ये हेच सांगितलं. दोन साक्षीदार लागतात. नोंदणी सक्तीची नाही, तरी करूनच टाका.

आता आईचं. मला सगळ्यात जास्त काळजी याचीच आहे. फर्मच्या सीसीसाठी, म्हणजे बँकेच्या कॅश क्रेडिट कर्जासाठी, आई जामीनदार आहे आणि राहतं घर तारण आहे. एखादं मोठं गिऱ्हाईक बुडालं तर बँक आईच्या डोक्यावरच्या छपरापर्यंत येऊ शकते. आयुष्यभर फर्मसाठी सह्या करणाऱ्या बाईच्या नावावर फर्मचा एक रुपयाही नाही, हे मला पटत नाही. कंपनी करताना बँकेशी नव्याने बोलावंच लागेल. तेव्हा घर आणि आईची सही सोडवून घेऊ, आणि तिच्या नावावर थोडे शेअर किंवा ठेव असू दे.

दादाचा आणि माझा वाटा सारखाच ठेवा. पण कारभार एकाच्या हाती हवा, आणि तो माझ्याकडे द्यावा असं मी स्पष्ट म्हणते. दादा पुण्यात त्याच्या नोकरीत रमलाय. मोल्डिंगपासून डिस्पॅचपर्यंत रोज मी उभी असते, रिजेक्शन वाढलं की साच्याची वाळू बघायला मी जाते. बाबा, तुम्ही घरी बसावं असं माझ्या मनातही नाही. गिऱ्हाइकांकडचे परचेसवाले अजून तुमच्याच शब्दावर ऑर्डर देतात. पुढची दोन-तीन वर्षं मोठ्या गिऱ्हाइकांकडे मला बरोबर न्या, आणि दर ठरवताना मला बोलू द्या.

दिवाळीला दादा येतोय. भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी सीए घरी यायला तयार आहेत. काकांना मात्र फोन तुम्हीच करा, बाबा. त्यांना हे पहिल्यांदा त्यांच्या भावाकडून कळायला हवं.

तुमची,
ताई