श्लायडेन यांची चूकही मुलांना सांगा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीतील विज्ञान लेखमालेत गेल्या आठवड्यात पेशी सिद्धांतावरचा, म्हणजे सगळे सजीव पेशींचे बनलेले असतात या सिद्धांतावरचा, लेख आला. वनस्पतिशास्त्रज्ञ माथियास याकोब श्लायडेन यांच्यावर मराठीत कुणी अर्धे पान लिहिले, याचाच मला फार आनंद झाला. मी तीस वर्षे हायस्कूलमध्ये विज्ञान शिकवले, आणि तेवढी वर्षे हे नाव फळ्यावर लिहिले ते बहुधा एका ओळीपुरतेच : ‘१८३८ श्लायडेन, १८३९ श्वान’. म्हणूनच लेखातील एका चुकीची दुरुस्ती सुचवावीशी वाटते, आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे जे लेखातून निसटले आहे तेही सांगावेसे वाटते.

दुरुस्ती लहान आहे. लेखात श्लायडेन यांना ‘पेशीचा शोध लावणारे’ म्हटले आहे, पण पेशीचा शोध त्यांनी लावला नाही. इंग्लंडमध्ये रॉबर्ट हूक यांनी १६६५ साली बुचाच्या पातळ कापात रिकामे कप्पे पाहिले आणि त्यांना पेशी हा अर्थ असलेले नाव दिले. हूक यांना दिसल्या त्या मेलेल्या पेशींच्या भिंती. पुढे पावणेदोनशे वर्षे अनेकांनी झाडांत पेशी पाहिल्या, त्यांची चित्रे काढली. मात्र पेशी हा झाडाचा एक भाग आहे, की झाडच पेशींचे बनलेले आहे, हा प्रश्न तसाच राहिला. १८३८ च्या निबंधात श्लायडेन यांनी तो ठामपणे सोडवला. त्यांच्या म्हणण्यानुसार प्रत्येक पेशीला दुहेरी आयुष्य असते. एक तिचे स्वतःचे, स्वतंत्र वाढीचे, आणि दुसरे संपूर्ण झाडाचा घटक म्हणून. नववीच्या वर्गात हे वाक्य मी सांगायची तेव्हा मागच्या बाकावरची मुलेही मान वर करायची.

लेखातून निसटले ते असे. पेशी झाडाचे मूळ एकक आहे, हे श्लायडेन यांनी बरोबर सांगितले. पण नवी पेशी तयार कशी होते, याचे त्यांनी दिलेले उत्तर साफ चुकीचे होते. आपली पाठ्यपुस्तके आणि आता हा लेखही त्यावर पांघरूण घालतात. मला तीच चूक शिकवावीशी वाटते, कारण ती आळशी माणसाची चूक नव्हती.

श्लायडेन यांचे आयुष्यही सरळ रेषेतले नव्हते. १८०४ साली हॅम्बुर्गमध्ये जन्मलेला हा माणूस आधी कायदा शिकून वकील झाला. वकिलीत मन रमेना, नैराश्य इतके वाढले की त्यांनी स्वतःवर गोळी झाडून घेतली. त्यातून ते वाचले, आणि मग निसर्गविज्ञान शिकायला पहिल्या पायरीपासून पुन्हा विद्यार्थी झाले. बर्लिनला योहानेस म्यूलर यांच्या प्रयोगशाळेत त्यांना प्राण्यांच्या ऊतींचा अभ्यास करणारे थिओडोर श्वान भेटले. दहावीच्या गुणपत्रिकेवर आयुष्य संपले असे मानणाऱ्या मुलांपुढे हा भाग मी मुद्दाम थांबून सांगत असे.

त्या काळचे वनस्पतिशास्त्र म्हणजे मुख्यतः झाडे गोळा करायची, वाळवायची, नावे द्यायची. श्लायडेन यांना ते पुरेसे वाटेना. तयार झाड पाहून झाड कळत नाही, ते घडताना पाहायला हवे, हा त्यांचा आग्रह होता आणि त्यासाठी सूक्ष्मदर्शक हवाच, असे ते सांगत. पुढे येना येथे प्राध्यापक असताना त्यांनी एका तरुण कारागिराला सूक्ष्मदर्शक बनवण्यासाठी प्रोत्साहन दिले. त्या कार्ल झाइस यांनी १८४६ मध्ये तिथे आपला कारखाना सुरू केला.

स्कॉटलंडचे रॉबर्ट ब्राउन यांनी १८३१ साली ऑर्किडच्या पेशींमधील गोल ठिपक्याला केंद्रक म्हटले होते. श्लायडेन यांनी त्या ठिपक्यात पेशीचा जन्म शोधला. त्यांची कल्पना अशी : पेशीतल्या रसात आधी बारीक कण जमतात, त्यांतून केंद्रक घडते, केंद्रकावर एक पातळ फुगवटा उठतो, अगदी घड्याळावर बसवलेल्या काचेसारखा. तो वाढत जातो आणि नवी पेशी तयार होते. म्हणजे जुन्या पेशीच्या पोटात, रसातून, साखरेचा खडा जमावा तशी पेशी जमते. हे त्यांनी कुठे पाहिले? मुख्यतः बीजांडाच्या (फुलातल्या ज्या भागाचे पुढे बी होते त्याच्या) आत, भ्रूणपोष म्हणजे बीमधल्या कोवळ्या रोपाचे अन्न तयार होते त्या जागी.

इथे माझ्या वर्गातला एक प्रसंग सांगते. आमचा भाग नारळाचा. भ्रूणपोष शिकवताना मी शहाळेच वर्गात आणत असे. शहाळ्यातले पाणी हाही भ्रूणपोषच. फळ कोवळे असताना त्यात केंद्रके मोकळी तरंगत असतात, त्यांच्याभोवती भिंती नसतात. मग कडेने भिंती पडू लागतात, पेशी होतात, मलई धरते. हे सांगून झाल्यावर एका मुलीने विचारले, “बाई, म्हणजे पाण्यातूनच पेशी झाल्या ना?” वर्ग हसला, मला मात्र हसू आले नाही. ती मुलगी नेमकी श्लायडेन यांच्या जागी उभी होती. अनेक फुलझाडांच्या भ्रूणपोषात आधी केंद्रकेच पुन्हा पुन्हा विभागतात आणि भिंती मागाहून येतात. फक्त तेवढाच टप्पा दिसला, तर रसातून पेशी उगवली असे वाटणे अगदी स्वाभाविक आहे. त्या पाण्यातले प्रत्येक केंद्रक मात्र आधीच्या केंद्रकातून आलेले असते, रसातून नव्हे. श्लायडेन यांची नजर चुकली असे मी म्हणणार नाही. झाडातल्या एका विशेष जागी पाहिलेली गोष्ट त्यांनी सगळीकडे लावली, तिथे ते चुकले.

पुरावे समोर नव्हते असेही नाही. बेल्जियमचे बार्तेलेमी द्युमोर्तिए यांनी १८३२ मध्ये आणि जर्मनीचे हूगो फॉन मोल यांनी १८३५ मध्ये शेवाळाच्या धाग्यात मधोमध आडवा पडदा पडून एका पेशीच्या दोन पेशी होताना पाहिल्या होत्या. श्लायडेन मतांचे पक्के आणि वादात तिखट होते. परागकणातून निघणाऱ्या परागनलिकेचे टोकच बीजांडात शिरून भ्रूण बनते, असेही ते सांगत राहिले. तेही पुढे इटलीचे आमिची आणि जर्मनीचे होफमाइस्टर यांनी खोडून काढले.

आता श्वान. दोघे एकदा जेवायला बसलेले असताना श्लायडेन वनस्पतिपेशीतल्या केंद्रकाविषयी बोलू लागले. श्वान यांना एकदम आठवले की बेडकाच्या पिल्लांच्या पृष्ठरज्जूत (पाठीतल्या आधाराच्या दांडीत) आपण असेच काही पाहिले आहे. जेवण उरकून दोघे प्रयोगशाळेत गेले आणि एकत्र पाहिले. ही आठवण स्वतः श्वान यांनी नंतर सांगितलेली आहे. १८३९ च्या श्वान यांच्या ग्रंथाने प्राणी आणि वनस्पती एकाच नियमाखाली आणले. एवढी मोठी गोष्ट एका जेवणाच्या गप्पांतून निघाली. पण त्याच गप्पांतून चूकही पुढे गेली : प्राण्यांतल्या पेशीही आकारहीन द्रव्यातून स्फटिकासारख्या घडतात, असे श्वान यांनी मानले.

ती चूक दूर करणाऱ्यांत सर्वांत महत्त्वाचे नाव लेखात नाही, आणि याची मला खरी खंत वाटते. रोबेर्ट रेमाक हेही म्यूलर यांचेच विद्यार्थी. कोंबडीच्या अंड्यातील भ्रूणाच्या रक्तपेशी दोन होताना त्यांनी पाहिल्या. मग वर्षानुवर्षे बेडकाच्या अंड्यांवर काम केले आणि १८५२ साली स्पष्ट लिहिले की प्राण्यांच्या पेशी विभाजनानेच होतात, बाहेरच्या द्रव्यातून नव्हे. रेमाक ज्यू होते आणि धर्म बदलायला तयार नव्हते. त्यामुळे एवढे काम असूनही बर्लिनमध्ये त्यांना पूर्ण प्राध्यापकपद कधी मिळाले नाही. तीन वर्षांनी, १८५५ मध्ये, रुडॉल्फ फिर्खो (आपल्या पुस्तकांत विर्शो) यांनी ‘प्रत्येक पेशी पेशीतूनच’ हे लॅटिन सूत्र मांडले, तेव्हा त्यात रेमाक यांचा उल्लेख नव्हता. ते शब्दही फिर्खो यांचे नव्हेत. फ्रान्सचे रास्पाय यांनी ते १८२५ मध्येच वापरले होते. फिर्खो यांचे मोठेपण मला मान्य आहे. आजार पेशीत शोधायचा, हे वैद्यकाला त्यांनी शिकवले. पण परीक्षेत ‘फिर्खो, १८५५’ एवढ्या उत्तराला पूर्ण गुण मिळतात आणि रेमाक यांचे नाव मुलांच्या कानावरही पडत नाही.

कुणी म्हणेल, मुलांवर आधीच ओझे आहे, त्यात चुका कशाला? मी स्वतः करून पाहिले आहे. कांद्याच्या पापुद्र्याची स्लाइड करताना कव्हरस्लिप घाईने टाकली की हवेचे बुडबुडे अडकतात, जाड काळ्या कडांचे. दरवर्षी चार-पाच मुले त्यांचेच सुबक चित्र काढून खाली ‘पेशी’ लिहून आणायची. पूर्वी मी त्यावर लाल फुली मारत असे. श्लायडेन यांची गोष्ट सांगायला लागल्यापासून मी विचारू लागले, “हीच आकृती दुसऱ्या पापुद्र्यात दिसते का बघ.” मुले पुन्हा सूक्ष्मदर्शकाकडे जायची, आयोडीनचा नवा थेंब घालायची, आणि बहुतेक वेळा स्वतःच खोडरबर मागायला यायची.

लेखमालेचा पुढचा भाग फिर्खो यांच्यावर असल्याचे आपण जाहीर केले आहे. त्यात रेमाक यांचे नाव १८५२ या सालासह यावे, आणि श्लायडेन यांच्यावरचा लेख पुस्तकात घ्याल तेव्हा ‘पेशीचा शोध लावणारे’ हे शब्द बदलून भ्रूणपोषाची ही हकीकत जोडावी, अशी नम्र विनंती.

आपली,
एक निवृत्त विज्ञान शिक्षिका
जि. सिंधुदुर्ग