"प्रभूने मला दाखवलं" असं कोणी म्हणालं तर

प्रिय बाळा,

प्रभू येशूच्या नावात सलाम. परवा तू फोनवर सांगितलंस ते ऐकून मी आधी हसले, पण तू हसत नव्हतीस हे फोन ठेवल्यावर लक्षात आलं. फेलोशिपमधला तो मुलगा म्हणाला की प्रभूने त्याला प्रार्थनेत दाखवलं, तू त्याची बायको होणार. आणि तुझा प्रश्न काय, तर "मम्मी, मला तर देव असं काहीच बोलला नाही, मग मलाच ऐकू येत नाहीये का, आणि मी नाही म्हटलं आणि तो खरंच देवाचा आवाज असला तर?" फोनवर मला हे नीट सांगता येणार नाही, तू मध्येच "हो गं कळलं" म्हणतेस, म्हणून लिहितेय. मेसेज लांबलाय, पण पूर्ण वाच.

पहिलं म्हणजे तो मुलगा खोटारडा आहे असं मला अजिबात वाटत नाही. त्याला तू आवडतेस, तो प्रार्थनेला बसतो, डोळे मिटले की तूच समोर येतेस, मग त्याला वाटतं हे देवानेच दाखवलं. होतं असं. यिर्मयाच्या 23व्या अध्यायात देवाची तक्रार हीच आहे की हे संदेष्टे स्वतःच्या मनातलं दर्शन सांगतात, माझ्या तोंडचं नाही. त्यातले सगळेच काही लबाड नसतील, एखाद्याला आपल्या मनातलंच खरं वाटत असेल. म्हणून त्याच्यावर रागावू नकोस, पण त्याच्या बोलण्यावर देवाचा शिक्का आहे असंही धरून चालू नकोस.

आता योसेफ आणि त्याची वाग्दत्त वधू मरीया बघ. देवदूत मरीयेकडे आला, कुमारी असतानाच तिला येशू होणार हे सांगितलं, तिने विचारलं हे कसं होणार, आणि देवदूताने तिला गप्प बस म्हटलं नाही, उत्तर दिलं. मग देव म्हणू शकला असता की आता मरीयेने जाऊन योसेफाला सांगावं, प्रभूने मला असं सांगितलंय, आणि त्याने मुकाट्याने मानावं. तसं झालं नाही ना. योसेफाला वेगळं स्वप्न पडलं, त्याच्याशी देव वेगळा बोलला, कारण आयुष्य त्याचंही होतं. एवढ्या मोठ्या गोष्टीत सुद्धा देवाने एकाचं ऐकून दुसऱ्यावर लादलं नाही, मग तुझ्या लग्नाचं देव फक्त त्या मुलालाच सांगून मोकळा होईल का?

आणि रिबेकाची गोष्ट तर अगदी स्थळाचीच आहे. अब्राहामाचा सेवक त्याच्या मुलासाठी बायको शोधायला जातो आणि विहिरीपाशी प्रार्थना करतो, जी मुलगी मला पाणी देईल आणि उंटांनाही पाजीन म्हणेल तीच, आणि प्रार्थना संपायच्या आत रिबेका खांद्यावर घागर घेऊन हजर. याहून स्पष्ट खूण कुठे मिळणार! घरचे लोकही म्हणतात हे परमेश्वराकडून झालं. तरी दुसऱ्या दिवशी ते म्हणतात, मुलीला बोलावून तिलाच विचारू, आणि तिला विचारलं जातं की तू या माणसाबरोबर जातेस का. उत्पत्ति 24, शेवटी शेवटी आहे, काढून वाच. खूण मिळाल्यावरही तिला विचारलं आणि ती हो म्हणाली तेव्हाच उंट निघाले. त्या काळात, विचार कर.

यावरून आठवलं, 1 राजे 13 वा अध्याय तुम्ही यूथमध्ये कधी घेतला नसणार, कोणी घेतच नाही. यहूदातून देवाचा एक माणूस बेथेलला येतो. देवाने त्याला स्पष्ट सांगितलेलं, तिथे भाकर खायची नाही, पाणी प्यायचं नाही, आलास त्या वाटेने परत जायचं नाही. राजा यराबाम त्याला घरी चल, जेव, बक्षीस देतो म्हणतो, हा म्हणतो अर्धं घर दिलंस तरी येणार नाही. शाब्बास. मग एक म्हातारा संदेष्टा येतो आणि म्हणतो, अरे मीही तुझ्यासारखाच संदेष्टा आहे, देवदूताने मला सांगितलं तुला घरी आणून जेवू घाल. शास्त्रात तिथेच लिहिलंय की तो खोटं बोलला. आणि हा गेला, जेवला, आणि परतीच्या वाटेवर सिंहाने त्याला मारलं. मला ही गोष्ट फार वर्षं अन्यायाची वाटायची, फसवलं म्हाताऱ्याने आणि मेला हा. पण राजाला जो माणूस सरळ नाही म्हणू शकला तो "देवदूताने सांगितलं" म्हटल्यावर विरघळला, हे बघ ना. आपलं पण असंच आहे. जगातल्या लोकांचं आपण तपासून घेतो आणि वाक्याच्या सुरुवातीला कोणी प्रभूचं नाव घातलं की तपासणं बंद. पौलाने थेस्सलनीकाच्या मंडळीला दोन्ही एकदमच लिहिलंय, संदेशांचा धिक्कार करू नका, आणि लगेच पुढे, सर्व गोष्टींची पारख करा, चांगले ते बळकट धरा. तर पारख करणं म्हणजे अविश्वास नाही, ती आज्ञाच आहे. जो आवाज म्हणतो आत्ताच्या आत्ता हो म्हण, कोणाला विचारू नकोस, विचारलंस तर तुझा विश्वास कमी, त्या आवाजाचा मला आधीच संशय येतो.

आता तुझा खरा प्रश्न, तुला ऐकू येतं की नाही.

शमुवेलाची गोष्ट तुला संडे स्कूलपासून पाठ आहे पण एक गोष्ट तुला बहुतेक कोणी सांगितली नसेल. रात्री देवाने हाक मारली तेव्हा त्याला आवाज ऐकू आला होता, कानाचा प्रॉब्लेम नव्हता. तो उठून धावत एलीकडे, म्हणजे ज्याच्याजवळ तो मंदिरात वाढला त्या म्हाताऱ्या याजकाकडे गेला, कारण तो आवाज त्याला एलीचाच वाटला. एकदा नाही, परत परत. लहानपणापासून हाक मारणारा माणूस एकच, त्यामुळे हाक म्हणजे एली. शास्त्र म्हणतं त्याला अजून परमेश्वराची ओळख झाली नव्हती. बाळा, तुझ्या बाबतीत ही भीती मला आहे, की तुझ्या डोक्यात मोठ्या माणसांचे आवाज इतके भरलेत, माझा, पप्पांचा, पास्टरांचा, कॅम्पमधल्या त्या ताईचा, की देव बोलला तरी तुला वाटेल मम्मी ओरडतेय आणि मम्मी ओरडली तरी वाटेल देव रागावला. रविवारी चर्चला झोप लागली म्हणून दिवसभर जी टोचणी लागते ती बहुतेक माझी आहे, देवाला तू थकलेली आहेस हे माहीत आहे.

आणि एलीचं काम काय होतं तिथे? त्याने शमुवेलाला संदेश सांगितला नाही. त्याने फक्त सांगितलं की जा, पड, परत हाक आली तर म्हण, बोल परमेश्वरा, तुझा दास ऐकत आहे. मग तो स्वतः बाजूला झाला. आणि आलेला संदेश कसला, तर एलीच्याच घराण्याविरुद्धचा! सकाळी त्याने पोराकडून तो सगळा वदवून घेतला आणि म्हणाला, तो परमेश्वर आहे, त्याला बरं वाटेल ते करो. एलीचं बाकी काही कौतुक करण्यासारखं नाही, स्वतःच्या मुलांना आवरलं नाही त्याने, पण हे एक त्याने आईबापांना शिकवण्यासारखं केलं. म्हणून या पत्रात तू हो म्हण की नाही म्हण हे मी सांगणार नाहीये.

मग कसं ओळखायचं? देव तुला रागावतो तेव्हा काय ते नेमकं सांगतो, माझा अनुभव असाच आहे. तू तिला जे बोललीस ते चुकलं, फोन कर. ते पैसे परत कर. ते पोस्ट काढून टाक. दावीद राजाने उरीयाची बायको घेतली आणि त्याला मारवलं, मग संदेष्टा नाथान दावीदापाशी आला तेव्हा तो असं नाही म्हणाला की तू मुळातच वाईट माणूस आहेस, त्याने उरीयाचं नाव घेतलं, काय केलंस ते सांगितलं, आणि दावीदाने पाप कबूल केल्यावर परमेश्वराने तुझं पाप दूर केलंय हेही त्याच भेटीत सांगितलं. दुसरा आवाज असतो तो धुक्यासारखा, तू असलीच आहेस, तुझं काही होणार नाही, देव तुझ्यावर कंटाळलाय. त्याला विचार, नक्की काय करू सांग, तर उत्तर नसतं. रोमकरांस 8:1 मध्ये दंडाज्ञा नाही म्हटलंय ते अशाच वेळेसाठी जवळ ठेव.

"मनात शांती आहे म्हणजे देवाची इच्छा" हे वाक्य आपल्याकडे सर्रास चालतं, तू पण म्हणतेस. मला ते अर्धंच पटतं. योना देवापासून पळत होता आणि जहाजाच्या तळाशी गाढ झोपला होता, वादळात सुद्धा. इतकी शांती! आणि प्रभू येशू क्रुसावर जाण्याच्या आदल्या रात्री गेथशेमानेच्या बागेत पित्याच्या इच्छेच्या अगदी मधोमध होता तेव्हा त्याचा घाम रक्ताच्या थेंबांसारखा पडत होता. शांती हवी, पण नुसती शांती पुरावा म्हणून धरायची म्हटलं तर योना पास होईल. दरवाजा उघडला म्हणजे देवाने उघडला हेही तसंच, योनाला याफोत तार्शीशला जाणारं जहाज बरोबर मिळालं होतं आणि खिशात भाड्याचे पैसेही होते.

गिदोनाच्या लोकरीचा पण मोह होईल तुला, आज त्याचा मेसेज आला तर हो, नाही आला तर नाही. पण गिदोनाला काय करायचं ते आधीच स्पष्ट सांगून झालं होतं, लोकर त्याने भीतीपोटी रात्री बाहेर ठेवली, फक्त तीच दवाने भिजू दे अशी खूण मागून, आणि एकदा भिजली तर म्हणाला आता उलटं कर, ती कोरडी आणि जमीन ओली. खूण मागणाऱ्याचं एका खुणेने कधी भागत नाही. देवाने त्याला सांभाळून घेतलं हे देवाचं मोठेपण, ती काही रीत नाही.

त्यापेक्षा मला इग्नेशियस लोयोलाचं जास्त पटतं, कॅथलिक होता म्हणून आपल्याकडे त्याचं नाव कोणी घेत नाही, पण शिकण्यासारखं आहे. हा सैनिक, 1521 मध्ये पाम्प्लोनाच्या लढाईत तोफेच्या गोळ्याने पाय मोडला, महिनोन्‌महिने बिछान्यावर. वेळ घालवायला तो कधी शौर्याची, मानमरातबाची स्वप्नं बघायचा, कधी ख्रिस्ताचं चरित्र वाचून तसं जगायचा विचार करायचा. दोन्ही विचार येताना गोडच वाटायचे. पण पहिले निघून गेले की मन कोरडं पडायचं आणि दुसरे गेल्यावरही आनंद मागे राहायचा. म्हणजे विचार आला तेव्हा काय वाटलं यापेक्षा तो गेल्यावर मागे काय राहिलं ते बघायचं. तो असंही सांगायचा की मन खचलेलं असताना आधी केलेला निर्णय बदलू नये. तू परीक्षेच्या आदल्या रात्री कोर्स सोडायचा ठरवतेस ना, तेव्हा हे आठव.

पण बाळा, या सगळ्याच्या आधी वाचन. प्रॉमिस बॉक्समधलं कार्ड काढल्यासारखं एक वचन नको, एक पुस्तक घे आणि सुरुवातीपासून शेवटपर्यंत वाच, आत्ता मार्क घे, छोटं आहे. सैतानानेही येशूला 91 वं स्तोत्र म्हणून दाखवलं होतं, वचन तर खरंच होतं. सुटं वचन कोणीही कुठेही चिकटवू शकतं, पण प्रभू कसा बोलतो, कोणाशी हळू बोलतो, कोणावर चिडतो, कशाला उत्तर देत नाही, हे सगळं वाचत राहिलं की एखादं वाक्य ऐकताच वाटतं, हे त्याचं नाही, तो असं बोलत नाही. आणि निम्म्या गोष्टी तर त्याने आधीच सांगून ठेवल्यात. रूममेटला माफ करू का यावर उपास करायची गरज नाही, करायचंय, तेवढंच.

प्रत्येक गोष्टीला वेगळा आवाज येईल अशी वाटही बघू नकोस. प्रेषितांची कृत्ये 15 मध्ये यरुशलेमात सगळे बसले, बराच वादविवाद झाला, पेत्र बोलला, बर्णबा आणि पौल बोलले, याकोब बोलला, आणि शेवटी पत्रात काय लिहिलं, तर पवित्र आत्म्याला व आम्हांला योग्य वाटले. योग्य वाटले! मोठमोठे प्रेषित आणि भाषा इतकी साधी. तुझ्या डोळ्यांसमोर काही चमकलं नाही म्हणून तू बहिरी होत नाहीस. "माझी मेंढरे माझी वाणी ऐकतात" हे आपण पाठ म्हणतो, पण लगेच पुढे आहे "मी त्यांना ओळखतो". तुझं ओळखणं कच्चं असलं तरी त्याचं पक्कं आहे.

आता त्या मुलाचं. तुला तो आवडतो का, हे तू एवढ्या सगळ्यात सांगितलंच नाहीस, आणि मला तर तोच पहिला प्रश्न वाटतो. आवडत असेल तर भेटा, बोला, त्याचं घर बघ, तो चिडल्यावर कसा असतो ते बघ, घाई नको. नसेल आवडत तर त्याला सरळ सांग की तू मनापासून बोललास, मला तसं वाटत नाही. फक्त एक कर, "प्रभूने मला नाही म्हणून दाखवलंय" असं म्हणू नकोस, त्याच्यासारखंच होईल ते. मला नको, एवढं म्हणायचा हक्क तुला आहे. त्यावर तो तुझ्या विश्वासाबद्दल काही बोलायला लागला, किंवा देवाची आज्ञा मोडतेस वगैरे, तर पास्टरांच्या मिसेसना सांग, त्या समजूतदार आहेत.

पप्पांना अजून काही सांगितलं नाहीये. सांगू की नको ते कळव, नाहीतर ते लगेच गाडी काढतील.

तुझी,
मम्मी