आईचा हात धरणाऱ्या सिस्टरना थँक्यू

परवा परळला आईच्या काखेतल्या गाठीची सोनोग्राफीवर बघत बघत सुई घालून बायोप्सी झाली, तेव्हा ज्या सिस्टरनी तिचा डोक्यावर घेतलेला हात शेवटपर्यंत धरून ठेवला त्यांचं नावच विचारायचं राहिलं हो, म्हणून इथे मनापासून थँक्यू. डॉक्टर मॅडमनी सुईचा तो 'टक्' आवाज आधीच ऐकवला म्हणून आई दचकली नाही. स्क्रीनवर दाखवलं, गाठीच्या कडेचा काळा थर 3 मिलिमीटरपेक्षा जाड दिसतोय म्हणून तपासतोय, आणि निगेटिव्ह आलं तरी ऑपरेशनच्या वेळी सेंटिनल नोड, म्हणजे कॅन्सर पसरलाच तर सगळ्यात आधी जिथे पोचतो ती काखेतली गाठ, बघावा लागेल, हेही स्पष्ट सांगितलं. आणि बाकावर सरकून जागा देणाऱ्या, डब्यातली अर्धी पोळी आईला भरवणाऱ्या सोलापूरच्या मावशी, तुमचाही रिपोर्ट चांगला येऊ दे.