नव्या घराच्या गॅरेजबद्दल मित्रास पत्र

प्रिय मित्रा,
सप्रेम नमस्कार.

घर झालं, अभिनंदन! गॅरेजची तुझी यादी वाचली. कपाटं, कामाचं टेबल, इपॉक्सीची (दोन रसायनं मिसळून काँक्रीटवर पसरायच्या कडक थराची) फरशी, दिवे, पुढेमागे इलेक्ट्रिक गाडीचा चार्जर. यादीत वावगं काही नाही, क्रम मात्र उलटा लावलायस. कपाटं सगळ्यात शेवटी. आधी ओल, मग वायरिंग, मग भिंती-छताचा रंग, मग फरशी आणि ती पूर्ण कडक झाल्यावर लाकूडकाम. कपाटं आधी बसवलीस तर त्यांच्याखाली इपॉक्सी जाणार नाही, आणि फरशी आधी केलीस तर वायरिंगवाले तिच्यावर घोडा ओढत नेतील.

काहीही विकत घ्यायच्या आधी गाडी आत घे आणि खडू हातात घे. चाकांभोवती रेघ मार, चारही दारं पूर्ण उघडून त्यांची टोकं जमिनीवर उतरव, मागची डिकीही उघडून बघ. ३ मीटर रुंदीच्या गॅरेजात १.८ मीटरची गाडी उभी केली की दोन्ही बाजूंना जेमतेम ६०-६० सेंमी उरतात, त्यातही आरसे जातात. एका भिंतीला ४५ सेंमी खोल कपाट लावलंस तर गाडी त्याला जवळजवळ चिकटून उभी करावी लागेल आणि शेजारी बसणाऱ्याला बाहेरच उतरावं लागेल. म्हणून माझं मत : बाजूच्या भिंतींवर ३० सेंमीपेक्षा खोल काही नको. खोल सामान समोरच्या भिंतीवर, बॉनेटच्या वर, जमिनीपासून १.२ मीटरवर सुरू होणाऱ्या फळ्यांवर जाऊ दे. बॉनेटवरची ती जागा एरवी फुकट जाते.

आता ओल. कोरडी दिसणारी फरशी कोरडी असतेच असं नाही. ४५ × ४५ सेंमीचा जाड प्लॅस्टिकचा तुकडा चारही कडांनी चिकटपट्टीने हवाबंद चिकटव आणि निदान १६ तास, म्हणजे सरळ एक दिवस-रात्र, तसाच ठेव. ऊन पडतं ती जागा टाळ. उचलल्यावर आतल्या बाजूला थेंब दिसले किंवा काँक्रीट काळपट झालं असेल तर पाणी खालून येतंय. तीन-चार ठिकाणी कर, एक तुकडा बाहेरच्या भिंतीलगत हवाच.

खालून ओल असेल तर इपॉक्सीचा विचार बाजूला ठेव. वाफ वर यायला बघते, वरचा थर तिला अडवतो, आणि काही महिन्यांत फुगे येऊन पोपडे सुटतात. उपाय बाहेर आहे. गॅरेजभोवतीची जमीन भिंतीपासून दूर उतरती हवी, दर मीटरला साधारण ५ सेंमी. गच्चीच्या पाण्याचा पाइप भिंतीपाशी सुटत असेल तर त्याचं तोंड दीड-दोन मीटर लांब ने. भिंतीच्या पायथ्याशी पांढरा क्षार फुललेला दिसला तर आतून वॉटरप्रूफ रंग मारू नकोस, ओल तशीच राहते आणि रंग सुटतो. एवढं करूनही प्लॅस्टिकखाली थेंब येत राहिले तर पीव्हीसीच्या एकमेकांत अडकणाऱ्या टाइल्स टाक आणि विषय संपव. एखादी टाइल खराब झाली तर तेवढीच बदलता येते.

फरशी कोरडी निघाली तर इपॉक्सी जरूर कर, पण घाईने नको. काँक्रीट नवं असेल तर किमान २८ दिवस जाऊ दे. इपॉक्सीआधी उतार तपास : एक बादली पाणी ओत, ते दाराकडे वाहायला हवं. मीटरला १ ते २ सेंमी उतार पुरतो. पाणी साचलेल्या जागांभोवती खडूने रेघ मारून ठेव, त्या आधी भरून घ्यायच्या.

इपॉक्सी फसते ती बहुतेक वेळा पृष्ठभाग नीट तयार न केल्यामुळे. घोटून गुळगुळीत केलेल्या कोब्याला ती धरतच नाही. डायमंड कप लावलेल्या ग्राइंडरने सगळी फरशी घासून घे, हात फिरवला की मध्यम पॉलिशपेपरसारखी खरखरीत लागली पाहिजे. ग्राइंडरला व्हॅक्यूम जोडलेला हवा आणि तोंडाला चांगला मास्क, कारण सिमेंटची ती धूळ फुप्फुसांना वाईट. मग पाण्याचे थेंब टाकून बघ. मिनिटाभरात मुरले तर ठीक, मोत्यासारखे उभे राहिले तर तिथे तेल किंवा जुना सीलर (छिद्रं बुजवणारा लेप) आहे. तेलाचा डाग डिग्रीझरने उतरव आणि ती जागा पुन्हा घास. भेगा व्ही आकारात उकरून इपॉक्सी फिलरने भरायच्या. काँक्रीटमध्ये मुद्दाम ठेवलेले सरळ सांधे मात्र कडक मालाने भरू नकोस, फरशी तिथेच हलते. त्यात फोमची दोरी दाबून वर लवचिक पॉलियुरेथेन सीलंट भरायचं.

रेझिन आणि हार्डनर डब्यावर लिहिलेल्या प्रमाणातच मिसळायचे, अंदाजपंचे नाही. कमी वेगाच्या ड्रिलला पॅडल लावून तीन मिनिटं ढवळायचं, कडा आणि तळ खरवडत. आणि मिश्रण बादलीत ठेवायचं नाही! रासायनिक क्रियेची उष्णता बादलीत कोंडते आणि माल अर्ध्या तासाच्या आतच दगड होतो. ढवळलं की लगेच फरशीवर पट्ट्यात ओतायचं आणि रोलरने पसरायचं. फरशीचं तापमान दवबिंदूपेक्षा (ज्या तापमानाला हवेतल्या वाफेचं दव होतं त्यापेक्षा) निदान ३ अंशांनी जास्त हवं, नाहीतर थरावर पांढुरकी साय येते. दुसरा हात डब्यावरच्या मुदतीत दे, मुदत टळली तर आधी पॉलिशपेपर फिरवावा लागेल. चालायला एक दिवस, गाडीसाठी पूर्ण आठवडा. स्वस्तातले पातळ, पाण्यात मिसळणारे संच घेऊ नकोस : गाडी लांबून आली की गरम टायर तो थर मऊ करतात, आणि थंड होता होता उचलून घेतात. दाराजवळ ऊन येत असेल तर इपॉक्सी पिवळी पडते, तेव्हा वरचा हात पॉलिअ‍ॅस्पार्टिकचा, म्हणजे उन्हात टिकणाऱ्या लेपाचा दे.

वीज. हे काम परवानाधारक इलेक्ट्रिशियनचं, पण त्याला काय सांगायचं ते तुला ठाऊक हवं. गॅरेजला स्वतंत्र छोटा डीबी (स्विचांची वाटप-पेटी) आणि ३० मिलिअँपिअरचं आरसीसीबी, म्हणजे करंट गळला की वीज तोडणारा स्विच. दिवे आणि प्लग वेगवेगळ्या सर्किटवर, नाहीतर करवतीने एमसीबी (भार जास्त झाला की पडणारा स्विच) पाडला की फिरत्या पात्यासमोर तू अंधारात. कॉम्प्रेसर घेणार असशील तर त्याला सी प्रकारचा एमसीबी, कारण मोटर सुरू होताना कित्येक पट करंट ओढते आणि बी प्रकारचा विनाकारण पडतो. प्लग १.१ ते १.२ मीटर उंचीवर घे. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, ती जमिनीलगत साचते, म्हणून ठिणगी पडेल असं काहीही ४५ सेंमीच्या खाली नको.

चार्जर आज घेऊ नकोस, त्याची वाट तयार ठेव. ७.४ किलोवॅटचा चार्जर २३० व्होल्टवर ३२ अँपिअर ओढतो, तोही सलग काही तास. घराचा मंजूर भार तेवढा पेलतो का, ते आत्ताच विचार. मुख्य बोर्डापासून ४० मिमीचा रिकामा पाइप, आत ओढदोरी घालून, आत्ताच भिंतीत पुरून ठेव. पुढे त्यातून ६ चौ. मिमीची तांब्याची केबल जाईल, अंतर जास्त असेल तर १० ची. नेहमीचं आरसीसीबी या कामाला पुरत नाही : चार्जरमध्येच ६ मिलिअँपिअर डीसी (एकाच दिशेने वाहणाऱ्या करंटची) गळती ओळखण्याची सोय हवी, किंवा तीही ओळखणारं बी प्रकारचं आरसीसीबी.

दिव्यांचा हिशोब सोपा. ३ × ६ म्हणजे १८ चौ. मीटर, ३०० लक्ससाठी (म्हणजे दर चौ. मीटरला ३०० ल्युमेन उजेडासाठी) ५,४०० ल्युमेन. भिंतींत आणि धुळीत निम्मा उजेड जातो असं धरून साधारण १० ते ११ हजार. म्हणजे २० वॉटच्या चार फुटी पाच एलईडी बॅटन. पण गाडीच्या टपाच्या बरोबर वर छताला लावू नकोस, टपच उजळेल. दोन-दोन दोन्ही बाजूंना, पाचवी टेबलावर, तुझ्या डोक्याच्या पुढे, म्हणजे हातावर सावली पडणार नाही.

दार आपोआप उघडणारं असेल तर मोटर सोडवून ते हाताने अर्ध्यावर आण. तिथेच थांबलं तर स्प्रिंगचा तोल बरोबर. घसरलं किंवा वर गेलं तर माणूस बोलाव, टॉर्शन स्प्रिंगच्या (दाराचं वजन तोलणाऱ्या, पीळ दिलेल्या स्प्रिंगच्या) नटबोल्टला स्वतः हात लावायचा नाही. ती सुटली तर हाड मोडते. मग मोटर जोडून खाली ४ सेंमी जाडीची फळी आडवी ठेव. दार तिला टेकून मागे फिरलं पाहिजे. सेन्सरचे डोळे जमिनीपासून १५ सेंमीच्या आत हवेत, मूल किंवा मांजर दिसायला.

गॅरेजातून घरात जाणारं दार आपोआप मिटणारं, भरीव आणि कडांना रबर लावलेलं हवं. कार्बन मोनॉक्साइड फटीतूनही शिरतो. त्याचा अलार्म दाराच्या घराकडच्या बाजूला लाव. गॅरेजात धुराचा नको, धूळ-धुराने उगाच वाजत राहील, उष्णतेवर चालणारा घे.

फळ्यांचं थोडक्यात : १८ मिमी प्लाय, दर ८० सेंमीला आधार. काँक्रीटमध्ये अँकर फास्टनर (भोकात फाकून घट्ट बसणारा बोल्ट) चालतो, पण एएसी (हलक्या, सच्छिद्र काँक्रीटच्या) किंवा पोकळ ब्लॉकमध्ये तो फाकतो आणि ब्लॉक फोडतो. तिथे केमिकल अँकर, म्हणजे भोकात रेझिनने चिकटवायचा बोल्ट. आणि छप्पर कैच्यांचं असेल तर खालच्या वाशांना सामान टांगू नकोस, ते त्या वजनासाठी धरलेले नसतात. टेबलाची उंची हात सरळ सोडून मनगटाच्या घडीपर्यंत मोज.

उत्तरात तीन गोष्टी कळव : दाराच्या चौकटीपासून छतापर्यंतची मोकळी उंची, भिंती कशाच्या आहेत ते, आणि प्लॅस्टिकखाली काय दिसलं. मग फळ्यांचा आराखडा काढून पाठवतो.

तुझा मित्र