पुढे असलेल्या मुलाला शिकवायचं कसं, हे शिक्षकाला कोण शिकवणार?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

माझी सारी नोकरी सरकारी शाळांत गणित शिकवण्यात आणि पुढे शिक्षक-प्रशिक्षणात सुलभक म्हणून काम करण्यात गेली. त्या काळात मागे पडलेल्या मुलांच्या याद्या झाल्या, उपचारात्मक वर्ग झाले, कृतिपुस्तिका आल्या. ते सगळं व्हायलाच हवं होतं आणि अजूनही हवं आहे. पण जे मूल वर्गाच्या दोन वर्षं पुढे आहे, त्याच्याबरोबर रोजच्या तासाला काय करायचं, यावर मला कुणी कधी काही शिकवलं नाही. आजच्या तरुण शिक्षकांशी बोलते तेव्हा त्यांचाही अनुभव वेगळा नसतो.

२०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात अशा पुढे असलेल्या, प्रज्ञावंत मुलांचा स्वतंत्र उल्लेख आहे. त्यांच्यासाठी मार्गदर्शक सूचना तयार कराव्यात आणि बी.एड.मध्ये या विषयाचं विशेषीकरण ठेवता येईल, असं त्यात म्हटलं आहे. हे वाचून मला आनंद झाला, पण ‘ठेवता येईल’ या शब्दांपाशी मी अडखळले. ऐच्छिक विषय घेणारे विद्यार्थी-शिक्षक मोजकेच असणार, आणि त्यातलेही बरेच जण मोठ्या फीच्या शाळांकडे वळणार. प्रज्ञावंत मूल मात्र कोणत्याही शाळेत, कोणत्याही बाकावर बसलेलं असतं. त्याच्यासमोर जो शिक्षक उभा आहे त्यालाच हे यायला हवं. म्हणून माझी मागणी सरळ आहे: असं मूल ओळखणं आणि त्याला आधीच येतं ते वगळून पुढचं देणं, या दोन गोष्टी सरकारी शाळेच्या प्रत्येक शिक्षकाच्या प्रशिक्षणात सक्तीच्या असाव्यात.

आधी ओळखण्याबद्दल लिहिते, कारण गाडी तिथेच अडते.

सुलभक म्हणून एका चौथीच्या वर्गात बसले होते. २/३ मोठा की ३/४, असा प्रश्न. वर्गाने शिकवल्याप्रमाणे छेद समान करून ८/१२ आणि ९/१२ काढले. मागच्या बाकावरच्या एका मुलाच्या वहीत छेद समान केलेला नव्हता. वेड्यावाकड्या अक्षरात, ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका करत त्याने लिहिलं होतं: ‘३/४ ला पूर्ण व्हायला पाव हवा. २/३ ला तिसरा भाग हवा. पाव लहान. म्हणून ३/४ मोठा.’ त्याखाली लाल शाईत शेरा होता, ‘रीत लिहा’, आणि गुण अर्धे. या मुलाचं नाव अप्रगत मुलांच्या यादीत होतं, कारण त्याचं वाचन संथ होतं आणि वही कधी पूर्ण नसायची.

त्याच्या बाई मनापासून शिकवणाऱ्या होत्या. आम्ही दोघींनी ती वही शेजारी बसून पुन्हा वाचली, तेव्हा त्यांनीच त्याला फळ्याशी बोलावलं आणि ५/६ व ७/८ ही जोडी दिली. त्याने लगेच सांगितलं, ७/८ मोठा, कारण त्याला आठवाच भाग कमी पडतो. मग स्वतःच म्हणाला, ‘पण बाई, ३/५ आणि ५/८ ला हे चालत नाही. तिथे कमी पडतात दोन पंचमांश आणि तीन अष्टमांश, मग त्यातलं लहान कोणतं ते परत शोधावं लागतं.’ स्वतः काढलेली रीत कुठे अडते, हे त्याने कुणी न विचारता शोधलं होतं. चौथीतल्या मुलाकडून याहून मोठी गणिती गोष्ट मी क्वचितच ऐकली आहे.

बाईंना ते आधी दिसलं नाही, कारण काय पाहायचं हे त्यांना कुणी दाखवलंच नव्हतं. आपल्या सगळ्यांच्या डोळ्यांसमोर हुशार मुलाचं एक ठरलेलं चित्र असतं: सुवाच्य अक्षर, वर केलेला हात, वेळेत पूर्ण झालेली वही, पहिला नंबर. अशी मुलं गुणी असतातच. पण जे मूल तेच तेच उदाहरण पाचव्यांदा सोडवायला नकार देतं, खिडकीबाहेर पाहत बसतं, ‘असंच का?’ विचारून तास लांबवतं, ते आपल्या लेखी उद्धट किंवा आळशी ठरतं. घरची बोली बोलणारं मूल प्रमाण भाषेत अडखळतं आणि त्याची समजच कमी आहे असं आपण धरून चालतो. अनेक मुली तर मैत्रिणींत वेगळं पडू नये म्हणून येत असलेलं उत्तरही गिळून टाकतात. अशा मुलींच्या वहीची मागची पानं मी आवर्जून पाहत असे. खरं काम तिथे सापडायचं.

शिक्षकांच्या नजरेतून मुलं सुटतात, हे जगभर नोंदलं गेलं आहे. अमेरिकेत मानसशास्त्रज्ञ लुईस टर्मन यांनी १९२१ साली प्रज्ञावंत मुलांचा प्रसिद्ध अभ्यास सुरू केला, तेव्हा मुलांची पहिली निवड बहुतांशी शिक्षकांनी सुचवलेल्या नावांतून झाली आणि मग बुद्धिमापन चाचणी झाली. पुढे भौतिकशास्त्राचं नोबेल मिळवणारे विल्यम शॉकली आणि लुईस अल्वारेझ हे दोघंही मुलगे असताना त्या चाचणीत कमी पडले आणि अभ्यासाबाहेर राहिले. म्हणजे एकटी चाचणीही पुरत नाही.

याहून मोलाचा पुरावा अलीकडचा आहे. डेव्हिड कार्ड आणि लॉरा जुलियानो या अर्थशास्त्रज्ञांनी २०१६ साली फ्लोरिडातल्या एका मोठ्या सरकारी शाळा-विभागाचा अभ्यास प्रसिद्ध केला. तिथे आधी शिक्षकांनी किंवा पालकांनी शिफारस केलेल्या मुलांचीच तपासणी व्हायची. पुढे दुसरीतल्या सगळ्याच मुलांची प्राथमिक चाळणी घ्यायला सुरुवात झाली, तेव्हा गरीब घरांतली, कृष्णवर्णीय आणि हिस्पॅनिक मुलं पूर्वीपेक्षा कितीतरी जास्त संख्येने पात्र ठरली. मुलं तीच होती, शाळाही त्याच. फक्त आता प्रत्येकाकडे पाहिलं जात होतं. ज्यांच्यासाठी शाळेत येऊन बोलणारं कुणी नाही, त्यांचं नुकसान किती खोल असतं ते यातून दिसतं.

आणि म्हणूनच ‘पाचवीतल्या मुलांना धड वाचता येत नाही, तिथे हुशारांचे लाड कशाला?’ हा आक्षेप मला पटत नाही. आक्षेप घेणाऱ्यांची कळकळ खरी आहे, ती मी जाणते. पण सुखवस्तू घरातल्या तल्लख मुलाला पुस्तकं, शिकवण्या, जाणते पालक असतात. सरकारी शाळेतल्या तशाच मुलाला शाळेखेरीज दुसरं काही नसतं. शिक्षकाने त्याला पाहिलं नाही, तर पाहणारं कुणीच उरत नाही.

‘खरी प्रज्ञा आपोआप वर येते’ असंही लोक म्हणतात आणि रामानुजनचं नाव घेतात. त्याच रामानुजनची महाविद्यालयातली शिष्यवृत्ती गेली होती, कारण गणितात बुडून त्याने बाकीचे विषय सोडून दिले होते. शाळकरी वयात सूत्रांचं एक पुस्तक त्याच्या हाती आलं आणि १९१३ साली केंब्रिजचे गणितज्ञ हार्डी यांनी त्याच्या पत्राची दखल घेतली, म्हणून आपण त्याला ओळखतो. ज्यांना ते पुस्तकही मिळालं नाही, त्यांची नावं आपल्याला कशी कळणार?

आता दुसरी गोष्ट, येतं ते वगळण्याची. अमेरिकेत शिक्षणसंशोधक सॅली रीस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्राथमिक शाळांत केलेला एक प्रयोग १९९३ साली प्रसिद्ध झाला. अल्प प्रशिक्षण घेतलेल्या शिक्षकांनी वरच्या क्षमतेच्या मुलांचा नेहमीचा अभ्यासक्रम ४० ते ५० टक्क्यांनी कमी केला, आणि तरीही चाचण्यांतले त्यांचे गुण घटले नाहीत. म्हणजे त्यांच्या वेळेपैकी जवळजवळ निम्मा वेळ येत असलेलंच पुन्हा करण्यात जात होता. त्याच सुमारास तिथल्या तिसरी-चौथीच्या शिक्षकांची पाहणी झाली. सरकारी शाळांतल्या ६१ टक्के शिक्षकांनी या मुलांना शिकवण्याचं कोणतंही प्रशिक्षण कधी मिळालं नसल्याचं सांगितलं. साधनसंपन्न देशात ही गत होती.

वगळायचं कसं, याची एक पद्धत मी स्वतः वापरली आहे. स्वाध्यायातली शेवटची, सगळ्यात अवघड पाच उदाहरणं आधी द्यायची, ज्याला हवं त्याने सोडवावीत. त्यातली चार बरोबर आली की त्या मुलाला बाकीचा स्वाध्याय माफ. यासाठी वेगळी खोली लागत नाही, वेगळी तुकडी लागत नाही. मजेची बाब अशी की काही वेळा ज्यांची नावं माझ्या मनातही नव्हती अशी मुलं ती पाच सोडवायला पुढे येत.

अवघड भाग त्यानंतर सुरू होतो. मोकळ्या झालेल्या मुलाला द्यायचं काय? रीस यांच्या प्रयोगातही शिक्षकांना सर्वांत जड गेलं ते हेच. आपल्याकडे तीन उत्तरं तयार असतात: इतरांच्या वह्या तपास, मागे पडलेल्यांना शिकव, किंवा आणखी वीस उदाहरणं सोडव. तिसरं उत्तर ही तर लवकर काम केल्याची शिक्षा झाली. मूल एकदोनदा तसं फसतं आणि मग मुद्दाम सावकाश काम करू लागतं. पुढच्या इयत्तेचं पुस्तक काढून देणं कधी कधी योग्य असतं, पण तेवढ्यावर भागत नाही. भागाकार येणाऱ्या मुलीला मी विचारायचे: ७ ने भागल्यावर दशांश चिन्हानंतरचे आकडे पुन्हा पुन्हा का येतात? ४ ने भागल्यावर का नाही? आणखी कुठल्या संख्यांनी भागलं की असं होतं? विषय वर्गाचाच, पण खोली वेगळी. अशा प्रश्नांचा साठा शिक्षकाजवळ हवा, आणि तो प्रशिक्षणात, इतर शिक्षकांबरोबर बसून, आपापल्या विषयासाठी तयार करायचा असतो. विज्ञानाचे, भाषेचे, इतिहासाचे प्रश्न त्या त्या विषयाच्या शिक्षकांनीच बांधायला हवेत. मी गणितवाली, मला तेवढंच सांगता येईल.

मोठ्या सभागृहात पडद्यावर मुद्दे दाखवून, हजेरीवर सह्या घेऊन हे साधणार नाही. पडद्यावर पुढे पुढे जात प्रमाणपत्रापाशी पोहोचण्याच्या ऑनलाइन घटकसंचांनीही नाही. शिक्षकांनी आपल्या वर्गातल्या दोन-तीन मुलांच्या वह्या घेऊन यावं, चौघांनी मिळून त्या वाचाव्यात, या मुलाला काय येतं आणि त्याला पुढे काय विचारता येईल हे ठरवावं, वर्गात जाऊन करून पाहावं, आणि महिन्याभराने त्याच गटात पुन्हा बसावं. वर्षभर चालणारं, थोडं थोडं. मुलाच्या प्रश्नाचं उत्तर येत नसेल तर ‘मलाही माहीत नाही, आपण शोधू’ असं वर्गासमोर म्हणण्याचा सरावसुद्धा त्यात असावा. अनेक चांगले शिक्षक याच भीतीपोटी अशा मुलाला गप्प बसवतात.

या प्रशिक्षणात मुख्याध्यापक आणि तपासणीला येणारे अधिकारीही बसलेच पाहिजेत. शिक्षिकेने विचारपूर्वक एखाद्या मुलीला स्वाध्याय माफ केला आणि तपासणीत तिची रिकामी पानं पाहून ‘वही अपूर्ण’ असा शेरा मिळाला, तर ती शिक्षिका पुन्हा कुणाला काही माफ करणार नाही. वगळलेल्या भागाची नोंद कशी ठेवायची आणि ती वाचायची कशी, हे दोन्ही बाजूंना ठाऊक हवं. पालकांनाही सांगावं लागतं, कारण ‘तिला वेगळं काम, माझ्या मुलाला का नाही?’ हा प्रश्न येणारच आणि त्याचं मोकळं उत्तर द्यायला हवं: ती पाच उदाहरणं सगळ्यांसाठी खुली आहेत.

या मुलांच्या मनाचाही विचार प्रशिक्षणात हवा. बारा वर्षांच्या मुलाचे प्रश्न विचारणारी आठ वर्षांची मुलगी खेळात हरल्यावर आठ वर्षांच्या मुलीसारखीच रडते. ‘एवढी हुशार ना तू, मग?’ हे वाक्य तिला किती लागतं, ते शिक्षकाला कळायला हवं.

शिक्षण विभागाला माझी विनंती आहे की, पुढील वर्षाच्या सेवांतर्गत प्रशिक्षणाच्या आराखड्यात हा विषय प्राथमिक स्तरापासून घ्यावा, आणि बी.एड., डी.एड.च्या अभ्यासक्रमात तो अनिवार्य भागात यावा. आणि संपादक महोदय, आपणांसही एक विनंती. वेगळा विचार करणारं मूल ओळखून त्याच्यासाठी तासात जागा करणारे शिक्षक सरकारी शाळांत आजही आहेत. त्यांनी दिलेले प्रश्न, मुलांनी काढलेल्या रीती आपल्या शिक्षणविषयक पानावर नियमित छापाव्यात. इतर शिक्षक ते कापून ठेवतील, वर्गात वापरतील.

आपली विश्वासू,
एक निवृत्त मुख्याध्यापिका