शनिवारचं मी ठरवून टाकलंय

मुलुंड, रविवार

ती. आई-बाबांना सा. नमस्कार,

फोनवर सांगितलं असतं तर आई, तू "राहू दे गं" म्हणून विषय बदलला असतास, म्हणून लिहितेय. येत्या शनिवारपासून तुझे स्मरणाचे आणि लक्ष लागण्याचे सराव सुरू होतायत. मानसशास्त्रज्ञ बाईंशी बोलले, पैसे भरले. तुमच्या केमोच्या डॉक्टरांना विचारूनच केलंय सगळं.

परवा तू भिशीची वही घेऊन बसली होतीस. आकड्यावर बोट ठेवलंस, कुकरची शिट्टी झाली आणि बेरीज कुठवर आली होती तेच विसरलीस. परत पहिल्यापासून. मग हळूच म्हणालीस, "माझंही आजीसारखंच होणार." आई, आजीचा आजार वेगळा होता. तुझं लक्ष उडतं, शब्द वेळेवर सापडत नाहीत ते केमोमुळे. त्यात झोप उडालेली, हिमोग्लोबिन उतरलेलं. ब्रेस्ट कॅन्सरच्या उपचारांत कितीतरी बायकांना हे होतं आणि बहुतेकींचं नंतर हळूहळू सुधारतं. काहींना जास्त वेळ लागतो, म्हणून मला नुसती वाट बघत बसायचं नाही.

बाबा, जन्मभर ऑडिट केलंत, तुम्ही पुरावा मागणारच. २०१२ साली अमेरिकेत ब्रेस्ट कॅन्सरचे उपचार झालेल्या ८२ बायकांवर अभ्यास झाला. काहींनी स्मरणाचा सराव केला, काहींनी दिसलेलं नजरेने चटकन टिपण्याचा, तासातासाची दहा सत्रं. दोन्हींत सुधारणा दिसली, दोन महिन्यांनीही टिकलेली. त्या बायकांचे उपचार संपलेले होते, आईचे चालू आहेत, म्हणून बाई बेताबेतानेच घेणार आहेत. सगळं अगदी पूर्वीसारखं होईल असं त्यांनी सांगितलं नाही. म्हणूनच त्या मला पटल्या.

करायचं काय, तर पडद्यावर मधोमध क्षणभर एक गाडी दिसते, त्याच वेळी कडेला दुसरी. कोणती होती, कुठे होती ते सांगायचं. जमायला लागलं की चित्र आणखी कमी वेळ दिसतं. शिवाय याद्या गटागटाने लक्षात ठेवणं, एका वेळी एकच काम, सगळं एकाच डायरीत लिहिणं. थकलीस की थांबायचं.

केमो सोमवारी असते, शनिवारपर्यंत तुझ्या अंगात जरा त्राण येतं, म्हणून तो वार घेतला. तोंड आलंय ना, तुझ्यासाठी मऊ खिचडी आणि ताक मी आणेन. बसायला पाठीमागे उशी असेल. बाबांना बाहेरच्या खोलीत पंख्याखाली पेपर वाचत बसता येईल.

भिशीची वही तेवढी तळमजल्यावरच्या काकूंना सांभाळायला सांगितलीय. वाईट वाटून घेऊ नकोस गं. फक्त उपचार संपेपर्यंत, आणि महिनाअखेरीला त्या वही तुझ्याकडेच तपासायला आणणार आहेत. तुझ्या सहीशिवाय मंडळातल्या बायका हिशेब मानतील का?

एकोणतीसच्या पाढ्यात मी नेहमी अडकायचे. तू पोळी लाटता लाटता थांबायचीस, पण पुढचा आकडा कधी सांगितला नाहीस. मला येईपर्यंत तवा तापत राहायचा. बाबा, तुम्हीही आता तसंच थांबायचं. आई शब्द शोधत असली की तुम्ही तो चटकन पुरवता. प्रेमाने पुरवता, मला माहितेय, पण ती मग बोलायचंच सोडून देते. आणि "आत्ताच सांगितलं ना" हे वाक्य घरात नको. तिने दहादा विचारलं तरी दहादा सांगा.

दुपारी अर्ध्या तासाच्या वर झोपायचं नाही. संध्याकाळी गॅलरीत का होईना, दोघांनी चालायचं. गोळ्यांची वेळ डायरीत. ताप १०० च्या वर चढायला लागला तर माझ्या फोनची वाट न बघता लगेच हॉस्पिटलला फोन करा. आणि लोकलचं नाव काढू नका, गर्दी आत्ता नको.

शनिवारी साडेदहाला टॅक्सी खाली येईल. आई, वाचायचा चष्मा घे. बाबा, जिना उतरताना तुम्ही तिच्या पुढे चाला.

तुमची,
मनू